अडीच किलोच्या अलीकडे

कलकत्त्याहून परतल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. रसगुल्ले आणलेत का, आणि बॉम्ब ऐकलात का. रसगुल्ले आणले होते, ते नागपूरपर्यंत पुरले. बॉम्ब दोनदा ऐकला. दोन्ही वेळा ट्राममध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विणकामातून मान वर केली नाही, म्हणून मीही केली नाही. तिथे सहा आठवडे तुम्ही शिकलात काय, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. तेव्हा तो मीच मला विचारून हे लिहिते आहे.

मी जिल्ह्याच्या एका सरकारी रुग्णालयात सांख्यिकी सहायक आहे. म्हणजे वरून कागद आला आणि कोणालाच काही कळलं नाही, की ज्या बाईंना हाक मारतात ती मी. कलकत्त्यातल्या एका संस्थेने वैद्यकीय आकडेवारी तपासायला आणि तिच्या आकृत्या काढायला शिकवणारा वर्ग काढला होता. नवशिक्यांसाठी, भाषणं कमी, हाताने काम जास्त, असं पत्रकात लिहिलं होतं. प्रत्येकाने आपापल्या रुग्णालयाची आकडेवारी बरोबर आणायची होती.

आमच्या साहेबांनी, म्हणजे रुग्णालयाच्या अधीक्षकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"कुलकर्णीबाई, बाळंतिणींच्या वह्या घेऊन जा. दूधकेंद्राच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष. चांगला रंगीत तक्ता करून आणा. कमी वजनाची बाळं कशी घटली, ते लांबून दिसलं पाहिजे."

"आणि घटली असं दिसलं, तर केंद्राचं काय?"

"उद्दिष्ट पूर्ण झालं. बंद करायचं. खात्याला असं एक तरी यशस्वी केंद्र दाखवायला हवंच आहे."

आमच्या रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात रोज सकाळी गरोदर बायकांना पेलाभर दूध मिळतं. काही बायका त्यासाठी दोन कोस चालत येतात. तेच यशस्वी झालं म्हणून बंद व्हायचं होतं. मला ते पटलं नव्हतं, पण बोलायला तोंड नव्हतं, कारण टक्केवारी मीच काढली होती. अडीच किलोच्या खालची बाळं खरोखरच घटली होती. भांडायला कारण नसलं की मला प्रवासात झोप लागत नाही. हावडा येईपर्यंत मी जागीच होते.

उद्घाटन

व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या, आणि हुद्द्याप्रमाणे त्यांच्या पाठीवर टॉवेल. सर्वांत मोठा टॉवेल प्रमुख पाहुण्यांचा. समईची वात पंख्यामुळे लागेना. पंखा बंद करावा, हे सुचायला सात विद्वानांना बराच वेळ लागला. मग पाहुणे तासभर विजेच्या मेंदूवर, म्हणजे संगणकावर, बोलले. हा मेंदू लवकरच सगळ्या रोगांची कारणं शोधून काढील, असं त्यांनी सांगितलं. त्याच वाक्याला वीज गेली. पुढचं भाषण त्यांनी ध्वनिक्षेपकावाचून केलं, आणि मागे बसलेल्या आम्हाला ते ऐकू आलं नाही. कार्यक्रमाचा हा भाग मला आवडला.

मेंदूचं दर्शन पुढे तिसऱ्या आठवड्यात झालं. चपला बाहेर काढायच्या, हात लावायचा नाही, जोरात बोलायचं नाही. अख्ख्या शहरात घाम न येणारी ती एकच खोली होती, त्यामुळे आम्ही सगळे भाविकपणे उभे राहिलो. आम्ही भोकं पाडून नेलेली कार्डं त्याने गिळली आणि एक हातभर लांब कागद बाहेर सोडला. त्यावर छापलं होतं की कार्डांत चूक आहे. गावदेवाने कौल दिला नाही तर गुरव निदान कारण तरी सांगतो.

बराकपूर

राहायला मी बराकपूरला होते, आतेभावाकडे. श्रीधर केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन आठ वर्षांपूर्वी आलेला. त्याची बायको सुधावहिनी मला घ्यायला स्टेशनवर आली, ती एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात ताज्या अळूची जुडी घेऊन. "इथे अळू मिळतं हो," ती म्हणाली, "फक्त फतफतं कशाला म्हणतात ते कोणाला सांगायचं नाही."

लष्करी छावणीतली मोठी झाडं, रुंद रस्ते, पलीकडे नदी. नदी इतकी सावकाश वाहते की तिचीही सरकारी नोकरी असावी. त्यांची रूपा दहा वर्षांची. ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आत्या, तू पाणी खाणार?"

"पाणी पितात गं," वहिनी म्हणाली.

"पोटातच जातं ना? मग?"

"बघा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली अंगणात बंगाली. हिच्या डोक्यात कोण कुठे बसलंय, देव जाणे."

मी बराकपूरहून सकाळी सियालदहला यायची आणि तिथून ट्रामने संस्थेत. आठवड्यातून एकदा तरी मोर्चा आडवा यायचा. ट्राम थांबायची, कंडक्टर तिकिटांची पिशवी मांडीवर ठेवून बिडी पेटवायचा, आणि माणसं वर्तमानपत्र उघडायची. कोणी चिडत नसे. शहरातली एकही भिंत कोरी नव्हती. हाताएवढ्या अक्षरांत कोणाचं तरी राज्य संपत होतं आणि कोणाचं तरी येत होतं. आमच्या गावातल्या भिंतींचा राजकीय विचार 'येथे लघवी करू नये' याच्या पुढे गेलेला नाही. तोही कोणी पाळत नाही.

डबा वहिनी द्यायची. पण मुरमुरे, कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची आणि खोबऱ्याचे काप कागदाच्या पुडीत हलवून देणारा एक माणूस संस्थेच्या फाटकाशी उभा असे. पहिल्या दिवशी त्या तेलाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. चौथ्या दिवसापासून वहिनीचा डबा मी कटकच्या डॉक्टर मोहंतींना देऊ लागले. ते माझ्या बाकावर बसायचे. थालीपीठ त्यांना इतकं आवडलं की ते औषधासारखं नेमाने दिवसातून दोनदा घ्यायचे.

हालदारबाबू

आम्हाला शिकवायला बरेच पदवीधर होते. शिकले मी हालदारबाबूंकडून. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळे, धोतर, काळी छत्री, तपकिरीची डबी. जन्म नकाशे काढण्यात गेलेला, आणि आता ते आलेख काढायला शिकवत. टाक, शाई, चौकटींचा कागद. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला फक्त आडवी रेघ आणि उभी रेघ काढायला लावली. तिसऱ्या दिवशी मोहंतींनी हिवतापाच्या रोग्यांचा एक झोकदार आलेख आणला. रेघ छतावरून उडी मारल्यासारखी खाली येत होती.

हालदारबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "डाक्टर, जीरो किधर है?"

"सर, जगह नहीं था, इसलिए पचास से शुरू किया."

"जागा नहीं था तो कागज़ बड़ा लो. आप रोगी को पहाड़ से गिरा दिया. बेचारा सीढ़ी से एक पायरी उतरा था."

त्यांचं हिंदी बंगाली होतं आणि 'पायरी' त्यांनी खास माझ्यासाठी शिकून घेतली होती. तो आलेख त्यांनी स्वतः फाडला नाही, मोहंतींनाच फाडायला लावला.

हिशेबाला हाताने फिरवायची गणनयंत्रं होती. दांडा फिरवायचा, आकडे सरकायचे, शून्याच्या पलीकडे गेलं की आत घंटी वाजायची. एका खोलीत बारा माणसं दांडे फिरवू लागली की उसाच्या गुऱ्हाळात बसल्यासारखं वाटे. वीज गेली की विजेची यंत्रं गप्प व्हायची, आमचं गुऱ्हाळ चालू राहायचं. मला यंत्र आवडायला लागलं होतं. सरासरी, टक्केवारी, वर्गमूळ, सगळं पटापट निघायचं. साहेबांचा तक्ता जवळजवळ तयार होता. एक उंच खांब, एक बुटका खांब. फक्त रंग भरायचे राहिले होते.

हालदारबाबू एकदा मागून बघून गेले. "आँकड़ा को इस्तिरी करता है, दीदी?" एवढंच म्हणाले.

मला राग आला. माझी टक्केवारी बरोबर होती. शून्यही जागेवर होता.

विश्वकर्मा

भाद्रपद संपताना तिथे विश्वकर्म्याची पूजा असते. आमच्या खंडेनवमीसारखीच, पण आम्ही कोयत्याला हळदकुंकू लावून पुरणपोळी खायला मोकळे होतो. तिथे त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही. छापखाने बंद, रिक्षा बंद, गॅरेजात फुलं. आमच्या वर्गातली बारा गणनयंत्रं पुसूनबिसून ओळीत मांडली होती. प्रत्येकाच्या दांड्याला झेंडूची माळ, कपाळाला शेंदूर. शेजारी हत्तीवर बसलेला मातीचा देव, मिशीवाला, कारखान्याच्या फोरमनसारखा दिसणारा.

मला दोन बेरजा तपासायच्या होत्या. मी माळ बाजूला सरकवून दांड्याला हात घातला.

"दीदी!" वर्गात एकदम चार जण ओरडले. हालदारबाबू सगळ्यांत मोठ्याने.

"दोनच बेरजा आहेत," मी म्हणाले.

"आज मशीन का छुट्टी. साल में एक दिन. आप लोग का महाराष्ट्र में मशीन बहुत मेहनती होगा. हमारा बंगाली मशीन है."

"मग मी काय करू? दिवसभर पतंग बघू?"

खरोखरच आकाश पतंगांनी भरलं होतं. पतंग कापला की गच्च्यांवरून 'भो-काट्टा!' अशी आरोळी उठत होती. हालदारबाबूंनी तपकीर ओढली, शिंकले आणि माझ्यासमोर चौकटींचा मोठा कागद पसरला.

"पेन्सिल मशीन नहीं है. उसमें चक्का नहीं. एक बच्चा, एक बिंदु. गड्डी बाँधा है आप. अब खोलो. एक-एक का मुँह देखो."

मला हे काम बालवाडीतलं वाटलं. पण बसून राहण्यापेक्षा बरं. खाली वजनाचे आकडे मांडले. मोहंती वहीतून वजन वाचायचे, मी त्या आकड्याच्या वर एक ठिपका द्यायची. तेच वजन पुन्हा आलं की त्याच्या डोक्यावर दुसरा. दूधकेंद्राच्या आधीचं वर्ष दुपारपर्यंत झालं. तांदळाची रास ओतावी तसा आकार आला, मधे उंच, दोन्हीकडे उतरता, थोडा वेडावाकडा. मग प्रसादाची खिचडी खाल्ली आणि नंतरचं वर्ष घेतलं.

मोहंती वाचत होते. "दोन पॉइंट आठ. दोन पॉइंट पाच. तीन. दोन पॉइंट पाच. दोन पॉइंट पाच. दोन पॉइंट पाच." ते थांबले, पान उलटून पाहिलं, परत आधीच्या पानावर गेले. "दीदी, मैं वही पन्ना तो नहीं पढ़ रहा?"

ते पुढचंच पान वाचत होते.

संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या कागदावर अडीच किलोच्या जागी एक मनोरा उभा राहिला होता. तो वरच्या कडेला लागला, म्हणून मी कागदाला वर आणखी एक तुकडा चिकटवला. आणि त्या मनोऱ्याच्या डावीकडे, दोन किलोपासून अडीचच्या अलीकडेपर्यंत, कागद जवळजवळ कोरा होता. दोन किलोच्याही खाली थोडे ठिपके होते, अगदी इवल्याशा बाळांचे. मधली सगळी बाळं नाहीशी झाली होती.

हालदारबाबू येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवला. मग त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ये बच्चा लोग कहाँ गया? इधर कौन खड़ा था, डंडा लेके?"

मला उत्तर माहीत होतं, आणि ते ठिपके देतानाच कळत गेलं होतं. तिथे मी उभी होते.

दूधकेंद्र सुरू झालं त्याच महिन्यात मी एक फॉर्म काढला होता. अडीच किलोच्या खालचं बाळ जन्मलं की ड्यूटीवरच्या सिस्टरने तो भरायचा, कार्बन घालून, तीन प्रतींत. आईचं नाव, आहार, आधीची बाळंतपणं, आणि शेवटी 'वजन कमी असण्याची कारणे द्यावीत', त्याखाली सिस्टरची सही. साहेबांनी त्या फॉर्मचं मीटिंगमध्ये कौतुक केलं होतं. मीही ते ऐकून घेतलं होतं. आता दोन बाळंतिणी एकदम अडलेल्या, एकीचं रक्त थांबत नाही, आणि काटा दोन किलो तीनशेवर. सिस्टर काय करणार? दोनशे ग्रॅम वर चढवणार आणि अडीच लिहिणार. अगदीच मूठभर बाळ असलं तर लपवता येत नाही, म्हणून तेवढे फॉर्म भरलेले. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

कमी वजनाची बाळं दुधाने घटली, की फॉर्मने, हे वहीवरून सांगता येत नव्हतं. एवढंच नक्की होतं, की ती जन्मत होती आणि आम्ही ती लिहीत नव्हतो. आणि त्याच वहीच्या जोरावर त्यांच्या आयांचा पेला काढून घेतला जाणार होता.

बारा यंत्रं माळा घालून स्वस्थ बसली होती. वर्षभर ती फिरवली असती, तरी टक्केवारी बरोबरच आली असती.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. सुधावहिनीने वाचलं आणि विचारलं, "यात 'चूक माझी आहे' असं तीनदा लिहिलंय. एकदा पुरे नाही का?"

"साहेब पत्र मधूनच वाचतात," मी म्हणाले. "कुठेही उघडलं तरी दिसायला हवं."

साहेब

उत्तर आलं नाही. साहेब आले. समारोपाला सगळ्या रुग्णालयांच्या प्रमुखांना बोलावणं होतं, आणि त्यांच्या मिसेसना तांताच्या, म्हणजे तिथल्या हातमागाच्या, साड्या हव्या होत्या. भिंतीवर आमचे आलेख लावले होते. मी माझे दोन्ही कागद खाली-वर लावले. वरची रास, खालचा मनोरा आणि त्याच्या शेजारची पोकळी.

"कुलकर्णीबाई, ही काय मुंग्यांची रांग?"

"बाळं आहेत, साहेब. एक ठिपका, एक बाळ."

"माझा तक्ता कुठाय?"

"पत्र मिळालं ना?"

"मिळालं. ते ऑफिसातलं बोलणं आपण ऑफिसात करू. पाहुणे अर्ध्या तासात येतील. दोन खांब काढा. एक उंच, एक बुटका. त्याला काय शिकावं लागतं?"

"त्याला काही शिकावं लागत नाही. म्हणूनच आता काढवत नाही."

त्यांचा आवाज खाली आला. रागावले की त्यांचा आवाज खाली येतो. "हा हुकूम आहे असं समजा."

"लेखी द्या, साहेब. तीन प्रतींत."

मिसेस साहेब साडीच्या पिशवीत बघू लागल्या. साहेबांनी टाचणीला हात घातला, तेवढ्यात हालदारबाबू मधे आले. छत्री काखेत, हात जोडलेले.

"सर, नमस्कार. दीवार हमारा है. दीदी आपका है, ठीक. लेकिन दीवार हमारा."

कागद राहिला. पाहुणे आले, तेच ते, मोठ्या टॉवेलचे. मागे दहा जण. ते आलेखांपुढून सैन्याची पाहणी करावी तसे चालत निघाले आणि माझ्यापाशी थांबले. पोकळीकडे बोट दाखवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "इथे काही नाही का?"

"इथे बाळं आहेत," मी म्हणाले. "जन्मलेली. फक्त आमच्या वहीत नाहीत. ती मी काढलेल्या एका फॉर्मला भिऊन पळाली."

मला वाटलं, आता हे काहीतरी विचारतील. "व्हेरी इंटरेस्टिंग," ते म्हणाले आणि पुढच्या रंगीत आलेखाकडे गेले. त्यातली रेघ वर चढत होती. तिथे त्यांनी फोटो काढून घेतला.

मोहंती हळूच म्हणाले, "दीदी, इनके भरोसे मत रहिए."

राहिले नाही. प्रशस्तिपत्रक घेतलं, सियालदहच्या पोस्टात गेले, दोन्ही आलेखांच्या हाताने काढलेल्या प्रती, फॉर्मचा नमुना आणि माझ्या सहीचं पत्र खात्याच्या वरच्या कार्यालयाला रजिस्टर टपालाने पाठवलं. साहेबांना एक प्रत दिली, हातोहात. त्यांनी ती घेतली आणि वाचली नाही.

परत

आल्यावर पहिल्या सकाळी मी प्रसूतिगृहात गेले आणि फॉर्मचा उरलेला गठ्ठा उचलून आणला. त्या जागी चौकटींचा कागद लावला आणि दोरीला पेन्सिल बांधली. सिस्टर जाधव दारात उभ्या राहून बघत होत्या. वीस वर्षं त्या तिथे आहेत.

"आता कारणं लिहायची नाहीत?"

"नाहीत."

"सही?"

"नाही. काटा दाखवील तिथे ठिपका."

"आणि वर चढवलं तर?"

"आजवर चढवलंत, ते माझ्यामुळे. यापुढे चढवलंत, तर तुमच्यामुळे."

त्या हसल्या नाहीत. पण दुपारी मी गेले, तेव्हा दोन किलो तीनशेवर एक ठिपका होता, इतका ठसठशीत की कागद फाटायचा राहिला होता. आठवड्याभरात त्या पोकळीत ठिपके दिसू लागले.

वरच्या कार्यालयाचं पत्र दिवाळीनंतर आलं. वजनांची फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत दूधकेंद्र चालू ठेवावे. त्याच टपालात माझ्या बदलीचा हुकूम होता, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, 'प्रशासकीय सोयीसाठी'. कोणाची सोय, ते लिहिलेलं नाही. साहेबांनी तो मला स्वतः आणून दिला आणि म्हणाले, "तिकडे शांतता आहे, बाई. काम फारसं नाही."

व्हरांड्यात दुधाची रांग उभी होती. मी हुकमाची पोच दिली आणि टेबलाशी बसून नव्या ठिकाणच्या सिस्टरला पत्र लिहायला घेतलं. गेल्या दोन वर्षांच्या बाळंतिणींच्या वह्या काढून ठेवा, सोमवारी येते.